पाईपाच्या कामाले

हजेरीवहीत खरी वेळ लिहिणारा माणूस मी नोकरीच्या इतक्या वर्षांत एकच पाहिला. आमच्या बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात अंगठा लावायचं यंत्र होतं, पण ते बसवल्या दिवसापासून बंद असल्यामुळे वहीचं राज्य सुखाने चालू होतं. ज्या क्रमाने माणसं येतील त्या क्रमाने सह्या, आणि सगळ्यांची वेळ पावणेदहा. बस चुकली तरी पावणेदहा, पोराला ताप असला तरी पावणेदहा. फक्त एका सहीपुढे लिहिलेलं असायचं: दहा वाजून सात मिनिटे. कधी दहा वाजून अकरा. पंचाईत अशी, की त्या सहीच्या खाली कोणाला पावणेदहा लिहिता येत नसे. त्यामुळे साहेबांची जुनी स्कूटर फाटकातून आत वळली, की टपरीवर चहा पीत उभं असलेलं अख्खं ऑफिस वहीकडे धावायचं. शिस्तीबद्दल आमच्या कार्यालयाचं एकदा कौतुक झालं, त्याचं सगळं श्रेय या धावण्याला आहे.

साहेब म्हणजे आमचे शाखा अभियंता. सिंदी रेल्वे या गावी राहायचे. सडपातळ, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मोजायचा टेप. मी टिपणं टाइप करायच्या टेबलावर होते. नाचणगावहून यायचे, घरात पगार माझ्या एकटीचा, आणि तो पगार दर महिन्याला सुखरूप घरी न्यायचा, एवढंच माझं प्रशासकीय धोरण होतं. असल्या माणसाच्या शेजारी टेबल मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. मला त्यांचा फार राग यायचा.

त्यांना सहज म्हणून काही विचारायची सोय नव्हती. एकदा नवे उपअभियंता जिन्यातून उतरता उतरता म्हणाले, "काय, सगळं ठीक?" साहेब थांबले. "नाई सर. मोरीचा नळ गळून राह्यला, बायको परवापासून बोलत नाई, आन् पोरगा पुण्याले गेला थो फोन करत नाई. गुडघा ठीक आहे." उपअभियंता एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, तसेच ऐकत उभे राहिले. त्यानंतर ते साहेबांना फक्त नमस्कार करायचे.

पण गंमत अशी, की न विचारता हा माणूस एक शब्द बोलत नसे. कार्यालयातली किती बिलं, किती मोजमापं त्यांना ठाऊक होती, पण कधी कोणाची चुगली नाही, कोणाला उपदेश नाही. त्यांचं म्हणणं एकच. "विचारलं तं सांगतो." त्यामुळे आमच्याकडे त्यांना काही न विचारण्याची एक पद्धतच पडून गेली होती. तपासणीला कोणी आलं, की साहेबांना लांबच्या साइटवर पाठवायचं.

अंदाजपत्रकं करणं हा त्यांचा धंदा आणि 'अंदाजे' हा शब्द त्यांना सहन होत नसे. मी टिपणात 'अंदाजे दोन किलोमीटर' असं टाइप केलं, तर ते दुपारी जाऊन मोजून येत आणि संध्याकाळी म्हणत, "बाई, एक किलोमीटर नऊशे चाळीस." मी म्हणायचे, "साहेब, साठ मीटरनं काय बिघडते?" ते म्हणायचे, "साठ मीटर पायी चालून पाहा, मंग सांगजा."

आणि ते पुलाखाली जेवायचे. स्वतः बांधलेल्या प्रत्येक पुलाखाली, रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीत, डबा उघडून. "ज्यानं बांधला त्यानं खाली बसून एक डाव जेवाव. घास गोड लागला तं पूल चांगला." एकदा साइटवर गेले असताना मलाही बसवलं. मी भाकरी तोडली आणि वर बघितलं. "साहेब, वर भेग आहे."

"हो. केसाएवढी. चार वर्ष झाले, पाहून राह्यलो, वाढली नाई. जेवा तुमी."

मला काही घास गोड लागला नाही.

हे सगळं ज्या काळातलं, त्या काळात आमच्या जिल्ह्यातून मोठा रस्ता चालला होता. मोठा म्हणजे असा, की त्याच्यावर आमच्या गावच्या माणसाला चढायलाही जागा नव्हती. त्या रस्त्याच्या पोटात भरायला मुरूम पाहिजे होता, आणि मुरूम म्हणजे आमच्या टेकड्या. दिवसाला कितीतरी टिप्पर टेकडी भरून न्यायचे. टिप्परांनी गावचे रस्ते मोडले, मोऱ्या बसल्या, दारासमोरची तुळस धुळीने लाल झाली. त्या खोदकामातून सरकारजमा होणाऱ्या रकमेतला एक वाटा बाजूला निघायचा आणि त्याला खनिज निधी म्हणायचे. तो निधी खोदकामाची झळ बसलेल्या गावांवर खर्च करायचा. म्हणजे टिप्परने रस्ता मोडायचा, त्या टिप्परच्या पैशातून आपण रस्ता दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीला लागणारा मुरूम आणायला पुन्हा टिप्पर बोलवायचा. व्यवस्था अशी बिनतोड होती, की तिच्यात कोणाला काही काम करावं लागत नसे.

निधी आला तसे गावोगावचे ठराव आले. नव्वद टक्के गावांना प्रवेशद्वार पाहिजे होतं. रस्ता राहिला नव्हता, पण दार पाहिजे होतं. मी इतकी प्रवेशद्वारं टाइप केली, की स्वप्नातही मी कमानीखालून जात असे.

त्यातच पायऱ्यांचं प्रकरण झालं. एका गावाच्या टेकडीवर जुना ओटा होता, संध्याकाळी म्हातारी माणसं बसायची. त्या टेकडीला साठ पायऱ्या मंजूर झाल्या. मंजुरी वर जाऊन, फिरून, खाली येईपर्यंत दोन पावसाळे गेले. साहेब आखणी करायला गेले आणि परत येऊन त्यांनी मला एक ओळीचं टिपण लिहून दिलं: 'टेकडी जागेवर आढळून आली नाही.'

उपअभियंत्यांनी त्यांना बोलावलं. "जागेवर नाही म्हणजे? मग कुठे आहे?"

"मोठ्या रस्त्याच्या खाली आहे सर. कोण्या किलोमीटरले, थे पायजे असन तं काढून देतो."

टेकडीच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात निळंशार पाणी. मार्च तोंडावर आला होता, पैसे परत जाणार होते. दुसऱ्या गावच्या टेकडीवर काम दाखवून फोटो काढावा, अशी एक व्यवहारी सूचना निघाली. साहेब म्हणाले, "थे मले जमणार नाई," आणि अंदाजपत्रक घेऊन बसले. त्यात लिहिलं होतं, 'पायथ्यापासून साठ पायऱ्या बांधणे.' वर की खाली, असं कुठेच नव्हतं. टेकडी गेली होती, पण पायथा जिथल्या तिथे होता. साहेबांनी पायथ्यापासून साठ पायऱ्या खाली बांधल्या, पाण्यापर्यंत.

उद्घाटनाला जे आले, त्यांचं भाषण आधीच छापून झालेलं होतं. ते तसंच वाचलं गेलं. "एकेक पायरी चढत आपलं गाव प्रगतीच्या शिखरावर जाणार आहे," असं म्हणून पाहुणे फीत कापून एकेक पायरी खाली उतरले आणि पाण्याशी जाऊन थांबले, कारण पुढे जायला जागा नव्हती. सगळी मंडळी हसली, साहेब सोडून. ते पायऱ्या मोजत होते. आजही त्या निधीतून झालेल्या कामांपैकी रोज वापरात असलेलं ते एक काम आहे. बाया तिथे कपडे धुतात. आधी घसरून पडायच्या.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझी आई म्हणाली, "शहाणा माणूस आहे." मी म्हटलं, "आई, अशा शहाण्याच्या टिपणाखाली टाइप करणारीचं नाव येते." आईला ते कळलं नाही. मला मात्र भीती कळत होती.

आता नाल्याचं सांगते.

त्याच भागात नाल्यापलीकडे एक गाव आहे. नाल्यावर जुना रपटा होता. रपटा म्हणजे पाण्याच्या बरोबरीने टाकलेला काँक्रीटचा पट्टा, उन्हाळ्यात रस्ता आणि पावसाळ्यात बंधारा. टिप्परांनी तो दोन हंगामात फोडून टाकला. पावसाळ्यात गाव तुटायचं. शाळा इकडे, दवाखाना इकडे, आणि वळसा घालून यायचं तर अर्धा तालुका फिरून. गावाने पूल मागितला. खनिज निधीत पाणी, आरोग्य, शाळा यांना पहिला मान होता. पुलांसाठी वाटा थोडा, आणि तो थोडा वाटा थोरामोठ्यांच्या गावांत आधीच संपला होता. शिवाय खाण शेजारच्या गावच्या हद्दीत, त्यामुळे कागदावर झळ शेजारच्यांना बसली होती. त्यांनी प्रवेशद्वार मागितलं आणि त्यांना ते मिळालं.

त्या पावसाळ्यात एक दिवस साहेब दुपारी ऑफिसला आले. पॅन्ट कमरेपर्यंत भिजलेली, चपला नव्हत्या. वहीत लिहिलं, एक वाजून वीस मिनिटे. उशिराच्या कारणाचा रकाना आमच्याकडे वर्षानुवर्षं कोरा असायचा. त्यांनी तिथे एक शब्द लिहिला: नाला.

त्या दिवशी मी विचारलं. भिजलेला माणूस समोर बसला असताना न विचारणं मला जमलं नाही. ते म्हणाले, "पाहणीले गेलतो. एक बाई अडली होती. खाटेवर घालून आनली, कमरेएवढ्या पान्यातून. चौघांनी धरली. चौथा मी." बाई वाचली. मूल नाही वाचलं. त्यापुढे मी काही विचारलं नाही, म्हणून त्यांनीही काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर टिपण ठेवलं. नाल्यापलीकडच्या गावाला पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन. विहीर इकडच्या काठावर, टाकी तिकडच्या. पाणी म्हणजे निधीतलं पहिल्या मानाचं काम. पाईप नाल्यावरून न्यायचा, तर त्याला आधार पाहिजे, म्हणजे खांब आणि वर स्लॅब. पाईपाची देखभाल करायची, तर स्लॅबवरून चालता आलं पाहिजे, म्हणजे देखभाल मार्ग. पाईपाचा एक नग सहा मीटर लांब येतो, तो ट्रॅक्टरवर येतो, म्हणून देखभाल मार्गावरून ट्रॅक्टर जाऊ शकला पाहिजे. सबब देखभाल मार्गाची रुंदी पावणेचार मीटर. पाईपाचा व्यास तीन इंच.

मी दोनदा वाचलं. "साहेब, हा तर पूल आहे."

"नाई बाई. पाईपाचा आधार आहे. एकही शब्द खोटा नाई, पाहून घ्या."

मी पाहिलं. खरंच एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मी घाबरले. खोट्या कागदाची आम्हाला सवय होती. खरा कागद कुठे नेऊन घालेल, याचा नेम नव्हता.

वरून मंजुरी आली. पाणी म्हटल्यावर कोणी रुंदी वाचत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत काम झालं, पाईपातून एक दिवसाआड पाणी जाऊ लागलं. साहेबांनी त्याच्याखाली बसून डबा खाल्ला. गाव वर नाचत होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'पाईपलाईन आधार व देखभाल मार्ग.' आणि साहेब स्वतः त्याच्यावरून जायचे तेव्हा स्कूटर बंद करायचे, उतरायचे आणि ढकलत न्यायचे. गावची पोरं म्हणायची, "साहेब, काऊन ढकलता? पेट्रोल संपलं का?"

"पेट्रोल आहे. मी आज पाईपाच्या कामाले नाई आलो."

हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसलोही. पण वर्षभराने तक्रार गेली. ज्यांचं प्रवेशद्वार त्या वर्षी मागे पडलं त्यांच्यापैकीच कोणाची असणार. पाण्याच्या निधीतून पूल बांधला, त्यावरून राजरोस वाहनं जातात, चौकशी व्हावी. साहेबांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने राहिले होते. तक्रार खरी ठरली असती, तर कामाचा खर्च त्यांच्याकडून वसूल झाला असता, आणि मार्गाच्या दोन्ही तोंडांना खांब गाडून तो फक्त माणसांपुरता ठेवा, असा आदेश निघाला असता. म्हणजे पुन्हा खाट.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब त्या गावात गेले, मी कागद घेऊन बरोबर होते. समाजमंदिरात माणसं जमली. साहेब म्हणाले, "उद्या सायेब विचारतीन का इथून गाड्या जातात का. मी हो म्हणीन. मले दुसरं बोलता येत नाई. म्हून आधी सांगाले आलो."

एकदम गलका झाला. एक म्हातारा उठून म्हणाला, "बाप्पा, मंग बांधला कायले? आमाले बुडवाले?" मला त्याचं पटत होतं. सरपंचबाई तेवढ्या शांत होत्या. अंगणवाडीत मुलं सांभाळून सांभाळून त्यांना प्रश्न नेमका कसा विचारायचा ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, कोनती गाडी गेली तं चालते?"

"पाईपाच्या कामाची."

"पाईपाचं काम कोनी कराव, असं काई लिवलं आहे का?"

साहेबांच्या मिशा हलल्या. हसताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नाई. थे लिवलं नाई."

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी आले. वरच्या कार्यालयातले, वयाने साहेबांपेक्षा बरेच लहान, सभ्य गृहस्थ. बाभळीखाली खुर्ची टाकून मार्गाच्या तोंडाशीच बसले आणि आपल्या डोळ्यांनी पाहायचं म्हणाले. पहिला ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत कापूस आणि कापसावर आडवा एक पाईप.

"कुठे चाललात?"

"पाईपाच्या कामाले, सायेब."

मग दूधवाला. दोन्हीकडे कॅन आणि हँडलला हातभर लांबीचा पाईपाचा तुकडा सुतळीने बांधलेला. पाईपाच्या कामाले. मग बैलगाडी, तिच्या जुवाला तुकडा. मोटारसायकलवर नवरा, बायको आणि दोन पोरं, मध्ये बसलेल्या पोराच्या हातात बासरीसारखा धरलेला तुकडा. गावातल्या प्लंबरने रात्रीतून जुने पाईप करवतीने कापून घरटी एकेक तुकडा वाटला होता. अधिकारी लिहीत होते, मग लिहायचे थांबले. साहेब ताठ उभे होते. मी मात्र पायाखालचे खडे पाहत होते.

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, टिपण तुम्ही केलंय. तुम्ही सांगा, हा पूल आहे की नाही?"

घरचा एकटीचा पगार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी म्हटलं, "सर, मी फक्त टाइप करते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना कदाचित ते खरंच वाटलं असेल.

मग त्यांना विचारलं गेलं. "रुंदी पावणेचार मीटर का ठेवली?"

"दोन कारणं आहेत सर. पाईप सहा मीटरचा येते, ट्रॅक्टर न्याव लागते, थे एक. थे कागदावर आहे."

"आणि दुसरं?"

"दुसरं कागदावर नाई. तुमी चौकशीत विचारलं, असं लिवून घेता का? मंग सांगतो."

नेमकी तेव्हाच गावातून एक ऑटो आली. आत एक बाई, पोट पुढे आलेलं, ओठ घट्ट मिटलेले, शेजारी सासू. बाईच्या मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, पाईपाचा तुकडा. ऑटोवाला अधिकाऱ्यांसमोर थांबला. सासू आतूनच ओरडली, "पाईपाच्या कामाले चाललो जी, लवकर जाऊ द्या!" सरपंचबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "थेच होय. मागच्या वक्ताची, खाटेवरची."

साहेबांनी मान खाली घातली होती. अधिकाऱ्यांनी हात हलवून ऑटोला जा म्हटलं. मग फाईल मिटली आणि म्हणाले, "दुसरं कारण मी विचारत नाही."

गाव त्या दिवशी पुन्हा नाचलं. त्या बाईला मुलगी झाली. खांब गाडायचा आदेश कधीच आला नाही.

परत येताना मी साहेबांच्या स्कूटरवर मागे बसले होते. देखभाल मार्ग आम्ही दोघांनी चालत ओलांडला, कारण आमच्याकडे पाईप नव्हता. पलीकडे जाऊन ते स्कूटर सुरू करणार, तेवढ्यात मी विचारलं, "साहेब, दुसरं कारण काय?"

त्यांनी किकवरचा पाय काढला. "त्या दिवशी खाट नेताना नाल्याच्या मधात माझा हात सुटला, बाई. एका बाजूनं खाट पान्यात गेली. मी परत धरली. डॉक्टर म्हणते, लेकरू आधीच गेलं होतं. पन थे मी मोजलं नाई, म्हून मले काई सांगता येत नाई." आणि म्हणाले, "पावणेचार मीटर असलं का खाट न्याव लागत नाई."

मग स्कूटर सुरू केली.

त्या अधिकाऱ्यांनी भलं करायला जे केलं, त्याने साहेबांचं वाटोळं झालं, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी तक्रार खरी म्हटली नाही आणि खोटीही म्हटली नाही. फाईल उघडी राहिली, आणि पुढे त्यांची बदली झाली. ज्याच्यावर उघडी चौकशी आहे, त्याला निवृत्तीनंतर पूर्ण पेन्शन मिळत नाही, तात्पुरती मिळते. तात्पुरतीवर माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, शासन त्या बाबतीत आशावादी आहे.

नंतर नव्या अधिकाऱ्यांचं मला पत्र आलं. रुंदी ठरवण्यामागे कागदाबाहेरचं काही कारण होतं काय, असल्यास ते आपणास ठाऊक होते काय, याबाबत लेखी निवेदन द्यावे. ते दिलं असतं तर फाईल इकडे किंवा तिकडे बंद झाली असती. बहुतेक साहेबांच्या बाजूनेच, कारण ते कारण वाचून वसुली काढायला माणूस दगडाचाच पाहिजे. पण मी 'बहुतेक'वर नोकरी लावायला तयार नव्हते. मी टाइप केलं: 'सदर प्रकरणी मी केवळ टंकलेखनाचे काम केले आहे.' सही केली आणि तारीख घातली. साहेबांना ते कळलं की नाही, माहीत नाही. सिंदीच्या बाजारात एकदा भेटले. मी घाबरत विचारलं, "साहेब, कसे आहात?" त्यांनी सांगितलं. नळ दुरुस्त झाला होता. बायको बोलत होती. पेन्शन तात्पुरती होती. गुडघा गेला होता. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत, कारण ते मी विचारलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी सिंदीला पोहोचले तेव्हा दारात ऑफिसची आम्ही तीन माणसं होतो. मग गल्लीत आवाज सुरू झाला. मोटारसायकली येत होत्या, एकामागे एक, मग एक ट्रॅक्टर, मग एक ऑटो. नाल्यापलीकडचं गाव. सरपंचबाई ट्रॅक्टरवर उभ्या. त्यांना इथवर यायला तो मार्ग ओलांडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक हँडलला, प्रत्येक गाडीला, सुतळीने बांधलेला पाईपाचा तुकडा होता. उन्हाने पांढरे पडलेले, कडा झिजलेले तुकडे. चौकशी कधीच विसरली गेली होती, विचारायला कोणी येत नव्हतं, तरी गावाने ते सोडले नव्हते. साहेबांचा कागद खोटा पडू नये म्हणून.

पुण्याचा मुलगा ओसरीवर उभा होता. गोंधळून म्हणाला, "मॅडम, हे लोक कोण आहेत? आणि प्रत्येकाकडे तो पाईप कसला आहे?"

मी त्याला सगळं सांगितलं. नाला, खाट, पावणेचार मीटर. हात सुटला ते सांगितलं. मी काय टाइप केलं, तेही सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "बाबांनी आम्हाला कधीच काही सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं का?"

त्याने मान हलवली. विचारलं नव्हतं. आणि ज्या एका माणसाला विचारून कळलं होतं, ती मी होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोहोचले तेव्हा दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. वही उघडली आणि तेच लिहिलं. मागे उभा असलेला वरिष्ठ सहाय्यक कळवळून म्हणाला, "अहो मॅडम, आता आम्ही खाली काय लिहायचं?" मी म्हटलं, "किती वाजले ते." मग टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला. साहेबांची बायको अजून होती, फाईल अजून उघडी होती. टाइप करायचं यंत्र समोर असून मी हाताने लिहायला घेतलं, म्हणजे पुन्हा कोणाला मी फक्त टाइप करते असं म्हणता येऊ नये, मलासुद्धा. पहिली ओळ लिहिली: 'दुसरे कारण मला माहीत होते.'